आहे तेवढं, असेल तसं

भिवपुरी म्हटलं की मुंबईकरांना पावसाळी धबधबा आठवतो. ते भिवपुरी रोड. नेरळ आणि कर्जतच्या मधलं स्टेशन. आमचं भिवपुरी निराळं. कर्जतला उतरायचं, पूर्वेला वळायचं आणि सह्याद्री नाकासमोर उभा राहीपर्यंत यायचं. वर कुसूर घाट, घाटमाथ्यावर आंदर मावळ, पायथ्याला टाटांचं वीजघर आणि त्याच्या आसऱ्याने आम्ही. नोकरीची सगळी वर्षं मी कर्जत लोकलने मुंबईला जाऊन एका कचेरीत आकडे जुळवण्यात घालवली. निवृत्त झालो आणि इथल्या अखंड हरिनाम सप्ताहाच्या कामात पडलो. देवाला आपण काय देतो, कसं देतो आणि दिल्यावर मागे वळून किती वेळा बघतो, याबद्दल तिथे जे उमगत गेलं ते खाली लिहिलं आहे. हे प्रवचन नाही. प्रवचनकार म्हणून गावाने माझ्यासाठी अजून एकही जागा रिकामी ठेवलेली नाही.

१. देवाला देण्यासारखं आपल्याजवळ काय आहे, हे आपल्याआधी मागणाऱ्याला दिसतं.

माझी यादी तयार होती. वाचन बरं आहे, ज्ञानेश्वरी घरी वाचून झालेली आहे, लोकलच्या भजनी डब्यात उभ्या-उभ्या बरंच कानावर पडलेलं आहे. तेव्हा एखादं प्रवचन आपल्याकडे येईल, असा माझा अंदाज. सप्ताहाच्या बैठकीत मी तसं आडून सुचवलंही. आमचे वीणेकरी बुवा सुपारी कातरत बसले होते. वर न बघताच म्हणाले, ‘‘नाना, तुमच्या ओटीवरचा दिवा रात्री अडीचलाही चालू असतो. झोप येत नाही वाटतं?’’ म्हटलं, ‘‘नाही येत. गोळ्या झाल्या, काढे झाले.’’ ‘‘मग दोन ते चारचा वीणेचा पहारा तुमचा. त्या वेळेला माणूस मिळत नाही.’’ बैठक पुढच्या विषयाकडे गेली. माझं वाचन जागच्या जागी राहिलं आणि देवाच्या कामी माझा निद्रानाश आला. ज्या गोष्टीपायी मी डॉक्टरांचे जिने चढत होतो, तिची गावाला गरज होती. तेव्हापासून ‘‘माझ्याजवळ देण्यासारखं आहेच काय?’’ असं कुणी म्हटलं की मी गप्प बसतो. त्याचा विनय खरा असेल, पण त्याने भलत्याच खिशात हात घातलेला असण्याची शक्यता जास्त.

२. आज्ञा पाळणं म्हणजे पुष्कळदा नुसतं उभं राहणं.

सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. ज्याचा पहारा, त्याने ती गळ्यात घालायची, तार छेडत राहायची आणि मुखाने नाम घ्यायचं. पुढचा माणूस आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात. एवढाच विधी. गाता यायला हवं असं नाही, हे मला फार सोयीचं होतं. रात्रीचं कीर्तन संपतं, जागराला आलेल्या मंडळींचे टाळ हळूहळू मंदावतात, दोननंतर मंडपात घोंगड्या आणि घोरणं उरतं. अशा वेळी आपण कशासाठी उभे आहोत, असा प्रश्न मला हमखास पडायचा. ऐकायला कोणी नाही, बघायला कोणी नाही. भक्ती दाटून यावी तर पिंढऱ्याच दाटून येतात. मी बुवांना विचारलं, ‘‘मन लागत नसेल तर?’’ ते म्हणाले, ‘‘मनाचं मन बघेल. तुम्ही पाय लावा.’’ मला वाटायचं, आधी भाव हवा, मग कृती. इथे उलटंच होतं. पाय उभे राहिले, बोट तारेवर राहिलं, आणि मन कधीतरी, आपल्या सवडीने, येऊन शेजारी उभं राहिलं. काही रात्री आलंच नाही. तरी वीणा वाजत राहिली आणि गावाच्या दृष्टीने माझा पहारा पुरा झाला.

३. देवावर विश्वास ठेवणं त्यातल्या त्यात सोपं. चार वाजता येणाऱ्या माणसावर ठेवणं कठीण.

पावणेचार झाले की माझं लक्ष नामावरून वाटेवर जायचं. माझ्यानंतरचा पहारा दुधाचा रतीब घालणाऱ्या एका तरुणाचा होता. तो येईल का? डोळा लागला असेल तर? वीणा खाली ठेवता येत नाही, हाक मारायला जाता येत नाही. परमेश्वर सर्वांचा सांभाळ करतो हे मी सहज मानून बसलो होतो. हा पोरगा उठेल हे मानायला मात्र जीव खालीवर व्हायचा. तो यायचा. कधी आधी, कधी केस न विंचरता, पण यायचा. मग माझ्या ध्यानात आलं की माझ्या आधीचा रिक्षावाला पोरगाही रोज पावणेदोनला असंच माझ्या घराकडे बघत असणार. श्रद्धा म्हणून आपण जी वर आभाळाकडे पाठवतो, तिचा बराचसा भाग आधी शेजारच्या माणसाकडे पाठवायचा असतो. अखंड नाम एकट्याच्या बळावर चालत नाही. प्रत्येकाचा वाटा दोन तासांचा. अखंडपणा एकाकडून दुसऱ्याकडे जातानाच्या त्या क्षणात असतो, आणि तिथे कोणाचीच मालकी नसते.

४. देणं एकजात नसतं, आणि स्वयंपाक्याला त्याचं काही वाटत नाही.

सप्ताहाचे तांदूळ घरोघरून येतात. कोणी कोलम देतं, कोणी जया, कोणी रत्ना, कोणी कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं वाण. कोणाचे जुने, कोणाचे यंदाचे. सगळे एका राशीत पडतात. माझ्यातला कारकून लगेच जागा झाला: वेगवेगळी पोती करू, लेबलं लावू. आमचा आचारी हसला. ‘‘नाना, पोती वेगळी केली की कोणाचा तांदूळ कोणाच्या पानात गेला त्याची चर्चा सुरू होईल.’’ पण मिसळलेला तांदूळ शिजायला त्रासदायक असतो, नवा लवकर मऊ होतो आणि जुना कणी धरून बसतो, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्याचा नियम साधा होता: सगळ्यात उशिरा शिजणाऱ्या दाण्याची वेळ धरायची. बाकीचे थोडे मऊ झाले तर होऊ देत, पण कच्चा कोणी राहता कामा नये. त्यामुळे आमच्या सप्ताहाचा भात दरवर्षी जरा गिजगाच असतो. घरी असा भात पानात पडला तर मी भुवई वर केली असती. मंडपात दुसऱ्यांदा मागून घेतो. सेवेला आलेल्या माणसांचंही असंच चालतं, हे मला हळूहळू दिसलं. चटपटीत माणसाला मंद माणसासाठी थांबावं लागतं. थांबण्यात त्याचं थोडं पीठ होतं. ते झालेलं चालतं.

५. काल्यात गेलेली शिदोरी पुन्हा ओळखता येत नाही. आपल्याला ती ओळखू यावी असं फार वाटतं.

सप्ताहाची समाप्ती काल्याच्या कीर्तनाने होते. गोष्ट लहानपणापासून ऐकलेली: गवळ्यांच्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कृष्णाने सगळ्या एकत्र केल्या, मग सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. कोणाची दशमी, कोणाची शिळी भाकर, पेंद्याचं काय असेल ते. दहीहंडी फुटते, पोहे-लाह्या-दही-लोणचं एकजीव होतं आणि द्रोणात पडतं. इतकी वर्षं मला ही गोष्ट समतेची वाटायची. सप्ताहाची देणगीवही माझ्याकडे आली तेव्हा तिचा अवघड भाग कळला. शिदोरी द्यायला कोणाची ना नसते. ती विरघळू द्यायला असते. आमच्या देवळातल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर एका कुटुंबाने आपल्या वडिलांचं नाव रंगवून घेतलं आहे. पंखा फिरत असला की नाव वाचता येत नाही. ज्या गावात मुंबईसाठी वीज तयार होते, त्या गावात दिवे गेले की मगच ते नाव दिसतं. मी त्या कुटुंबाला हसलो, आणि संध्याकाळी पावती पुस्तकात माझ्या नावातलं आद्याक्षर चुकलं म्हणून चिटणिसाला फोन केला.

६. आपल्याजवळचा माल तिखट असला तरी देवाला चालतो.

खोपोलीजवळच्या साजगावला कार्तिकात मोठी यात्रा भरते. तिथल्या विठोबाला लोक बोंबल्या विठोबा म्हणतात. आख्यायिका अशी की तुकोबा मिरच्यांचा व्यापार करत देशावरून खाली उतरले, गिऱ्हाइकांनी माल नेला आणि पैशांना तोंड लपवलं. तेव्हा विठोबाने बोंब ठोकून भक्ताची वसुली करून दिली. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो, मिरची मात्र कोणी बदलत नाही. मला या गोष्टीचं आकर्षण आहे ते तिच्यातल्या घाऊकपणामुळे. फूल नाही, तुळस नाही, कमळ तर नाहीच. मिरचीचं पोतं, आणि देवाने घेतलेलं काम वसुली कारकुनाचं. माझ्या खात्याला इतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कुठल्याही पुराणाने दिलेली नाही.

पण याच तुकोबांची दुसरी गोष्ट याच्या पुढे जाते. १६३० च्या दुष्काळाने घर धुऊन नेल्यावर त्यांनी घरातली कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा निम्मा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. आपल्याजवळ काय आहे, या प्रश्नाला हेही उत्तर असू शकतं: दुसऱ्याकडून येणं आहे. तेही अर्पण करता येतं. ते वाचल्यावर नात्यातल्या एकाकडे अडकलेल्या पैशांची माझी वही मी बंद केली. नदीत सोडण्याइतका मी मोठा नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. शिडी लागते, त्यामुळे काढणं होत नाही.

७. वापरून झालेल्याचाही वापर असतो.

आमच्या वीजघराची कथा मी पाहुण्यांना सांगतो, कारण ती मला अजून पुरती पचलेली नाही. वर मावळातली आंद्रा नदी इंद्रायणीला मिळते. इंद्रायणी देहूवरून, आळंदीवरून जाऊन भीमेला मिळते, आणि भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. म्हणजे हे पाणी सरळ वारीलाच निघालेलं. ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवलं, डोंगरातून पश्चिमेकडे वळवलं आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीत सोडलं. १९२२ पासून इथे त्याच्यावर वीज होते आणि मुंबईला जाते. जनित्रातून बाहेर पडलेल्या पाण्याचं काम खरं तर संपलेलं असतं. पण तेच पेज नदीत उतरतं, राजनाल्यातून कर्जतच्या शेतात जातं आणि त्याच्यावर आमचं उन्हाळी भात उभं राहतं. निवृत्तीनंतर पहिल्या काही महिन्यांत मला आपण त्या बाहेर पडलेल्या पाण्यासारखे वाटायचो, म्हणून ही गोष्ट मी स्वतःलाही सांगत असतो.

याला एक जोड मिळाली. सप्ताहाच्या ऐन भरात आमचा एक टाळकरी यायचा नाही. मी थोडा कुरकुरलो. बुवा म्हणाले, ‘‘त्याची पाण्याची पाळी आहे. रात्री बांध फुटला तर खाली चार जणांची लावणी जाईल. तो तिथेच पहाऱ्यावर आहे.’’ अरणगावचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच मळ्यात आला, असं आपण कीर्तनात मान डोलावून ऐकतो. आपल्याच गावचा माणूस मळ्यात थांबला की मात्र हजेरीवर फुली मारतो.

८. काढून घेतलेलं ते अर्पण नव्हे.

मागच्या मुद्द्याची गोडी मला फार काळ टिकवता आली नाही. पाणी वळलं हे खरं. त्याला कोणी विचारलं नव्हतं. धरणाच्या पोटात जमिनी जातात. १९२१ साली शेजारच्या मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह केला तो असल्याच एका धरणाविरुद्ध. त्या शेतकऱ्याला ‘‘तुझी शेती देशाच्या कामी आली, धन्य मान’’ असं सांगणारे तेव्हाही असणार. त्यागाचं कौतुक करण्याआधी तो कोणी केला आणि कोणाकडून करवून घेतला, हे बघावं लागतं. चोखोबांचं काय झालं? मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामाला त्यांना नेलं, ती भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले, अशी त्यांची कथा आहे. ज्या देवाला त्यांनी जन्म वाहिला, त्याच्या गाभाऱ्यात पाऊल टाकायची त्यांना मुभा नव्हती, समाधी महाद्वाराशी. पंढरपूरचं ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. द्यायला आलेल्या माणसाला आधी आत तर येऊ द्यायला हवं.

आमच्याकडे ही गोष्ट लाकडांपाशी येते. भटारखान्याची लाकडं वाडीवरची ठाकर आणि कातकरी मंडळी फोडून आणतात. एका वर्षी कोणीतरी सुचवलं की एवढी सेवा त्यांनी देवासाठी करावी. बुवा क्वचित चिडतात. त्या दिवशी चिडले. ‘‘तुम्ही मंडपवाल्याला पैसे देता, लाऊडस्पीकरवाल्याला देता. सेवा फक्त वाडीनेच करायची काय?’’ पंगतीच्या आधी मजुरी चुकती झाली. मग त्याच मंडळींतली एक म्हातारी कनवटीचे दहा रुपये काढून माझ्या वहीपाशी आली आणि म्हणाली, ‘‘लिही माझं.’’ मजुरी हातात पडल्यावर तिने दिलेले ते दहा रुपये माझ्या वहीतलं सगळ्यात स्वच्छ अर्पण आहे.

९. आपली भूकसुद्धा शिदोरी होते.

पंडिता रमाबाईंविषयी मी उशिरा वाचलं. आमच्या वारकरी घरात ते नाव जरा लांबूनच घेतलं जायचं, कारण त्यांनी धर्म बदलला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ पुराण सांगत, पायी, अर्धपोटी देशभर फिरले. त्या मुलीजवळ दोनच वस्तू उरल्या होत्या: भाषा आणि उपासमारीची आठवण. पुढे दोन्ही कामाला आल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरायला टेकलेल्या मुली शेकड्यांनी घेऊन आल्या; केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. आणि संस्कृतात मुरलेल्या त्या बुद्धीने हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्यांचा देव माझ्या देवाहून निराळ्या नावाचा आहे. पण त्या दुष्काळात मुलींना शोधायला जाणाऱ्या बाईने स्वतःची भूक विसरायचा प्रयत्न न करता ती सोबत नेली, हे कळल्यावर मला नावाची अडचण वाटली नाही. आपण देवापुढे जाताना दुःख चपलेबरोबर बाहेर काढून ठेवतो. कदाचित त्याला नेमकं तेच हवं असतं, आणि कोणाच्या तरी कामासाठी हवं असतं.

१०. दिल्यावर हिशेब मागायची खोड सगळ्यात शेवटी सुटते. माझी सुटलेली नाही.

सप्ताहाचा जमाखर्च मी पैशापैशापर्यंत जुळवतो. रात्री उभा राहिलेल्या पहाऱ्याचं काय झालं, हा रकाना मात्र रिकामाच राहतो. झोप सुधारली नाही. स्वभाव सुधारला असं बायको म्हणत नाही. मग हे सगळं कशात जमा धरायचं? कुसूर घाटाच्या पायथ्याशी, आमच्या भिवपुरीत, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी बांधलेल्या तळ्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. १७६१ ला भाऊ पानिपतावर पडले. पार्वतीबाईंनी मात्र ते मानलं नाही, कुंकू पुसलं नाही, वाट पाहिली, असं सांगतात. ज्याच्यासाठी विश्वास धरला तो माणूस परत आला नाही. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाटसरूंना, बैलांना पाणी मिळालं. देणाऱ्याची इच्छा एका वहीत आणि देण्याचं फळ दुसऱ्याच वहीत, असा हा प्रकार आहे, आणि दुसरी वही आपल्या हाती देत नाहीत.

गाडगेबाबांनी हे फार लवकर ओळखलं असणार. दिवसा खराट्याने गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. धर्मशाळा, घाट, सदावर्तं, शाळा उभ्या करायच्या आणि त्यांच्या भिंतीआड स्वतःसाठी खोली ठेवायची नाही. २० डिसेंबर १९५६ ला वाटेवरच देह ठेवला. झाडलेल्या रस्त्याची पावती मिळत नाही. सकाळी तो पुन्हा घाण होतो. तरी दुसऱ्या दिवशी झाडायचा. मला विश्वासाची यापेक्षा सोपी आणि यापेक्षा अवघड व्याख्या सापडलेली नाही. वर्षाच्या शेवटी मी तो रिकामा रकाना बघतो, त्याच्याखाली रेघ मारतो आणि वही सही करून पुढच्या चिटणिसाकडे देतो. लेखापरीक्षकाने अजून हरकत घेतलेली नाही.

एवढंच उमगलं आहे. तुमचं गाव वेगळं असेल, देव वेगळा असेल, द्यायची वस्तूही वेगळी असेल. पण मागणारा माणूस बहुधा सारखाच असतो. तो अवेळी येतो, त्याच्या काखेत पावती पुस्तक असतं, आणि जे मागतो ते आपण ठरवून ठेवलेलं कधीच नसतं. तो आला तर त्याला आत बोलवा, चहा द्या, काय हवंय ते नीट ऐकून घ्या. आणि ‘‘बघतो’’ एवढं सोडून काहीही म्हणा.